रानपाखरांची वर्दी



यवतमाळ जिल्ह्याचे नाव निघाले म्हणजे बहुतेकांच्या डोळ्यांपुढे कापसाच्या गाड्या उभ्या राहतात. परंतु ह्या जिल्ह्याला पाण्याची आणि रानाचीही संपत्ती आहे, हे शहरातील मंडळींच्या सहसा ध्यानात येत नाही. उत्तरेला व पूर्वेला वर्धा नदी आणि दक्षिणेला पैनगंगा अशी ह्या प्रदेशाची सीमा आहे. आत पूस, अरुणावती आणि बेंबळा ह्यांवर बांधलेली धरणे आहेत, आणि टिपेश्वर व पैनगंगा ही दोन अभयारण्ये आहेत. पावसाळ्यात डवऱ्याच्या बैलांमागून गायबगळ्यांची पांढरी रांग चालते, तळ्याच्या काठी ढोकरी एका पायावर ध्यान लावते, आणि थंडी पडू लागली की उत्तरेकडील बदकांचे थवे जलाशयांवर उतरतात. हे सारे आपण शोभा म्हणून पाहतो. आज ह्याच पाखरांचा विचार मी जरा निराळ्या दृष्टीने करणार आहे. डासांच्या दंशाने पसरणारे काही रोग माणसाच्या घरी येण्यापूर्वी पाखरांच्या रक्तात कसे नांदतात, हे मनुष्याला केव्हा उमगले, आणि ते ओळखण्याच्या उद्योगात आपल्या महाराष्ट्राने कोणता वाटा उचलला, ह्याचा इतिहास मला आपणांस सांगावयाचा आहे.

आरंभी ह्या रोगांची रीत समजून घेतली पाहिजे. हिवताप मनुष्याकडून डासाकडे आणि डासाकडून पुन्हा मनुष्याकडे जातो, हे आपण शाळेतच शिकलो. जपानी मेंदूज्वर आणि वेस्ट नाईल ताप ह्यांची गोष्ट तशी नाही. ह्या दोन्ही रोगांचे विषाणू मुख्यतः पाखरांत राहतात. क्यूलेक्स जातीचा डास पाखराला चावला म्हणजे विषाणू पाखराच्या रक्तात शिरतो, तेथे काही दिवस वाढतो, आणि त्या अवधीत जे दुसरे डास त्या पाखराला चावतात ते तो पुढे नेतात. पाखरू बहुधा आजारी दिसतही नाही. जपानी मेंदूज्वराच्या बाबतीत डुकराच्या अंगीही हा विषाणू झपाट्याने वाढतो. मनुष्य आणि घोडा ह्या चक्रात चुकून सापडतात. त्यांच्या रक्तात विषाणूचे प्रमाण इतके वाढत नाही, की त्यांना चावलेला डास तो पुढे नेईल. म्हणजे विषाणूच्या दृष्टीने मनुष्य हा न फुटणारा रस्ता आहे. त्या रस्त्याच्या टोकाशी एखाद्या घरचे लेकरू तापाने फणफणत पडलेले असते, एवढेच.

येथे एक आकडा ध्यानात ठेवण्यासारखा आहे. जपानी मेंदूज्वराच्या विषाणूची बाधा झालेल्या सुमारे २५० माणसांपैकी एकासच तीव्र रोग होतो. बाकीच्यांना काही झाले होते हे त्यांचे त्यांनाही कळत नाही. परंतु ज्याच्या मेंदूस सूज येते त्याची स्थिती बिकट होते. अशा दहा रुग्णांपैकी तीनपर्यंत दगावू शकतात, आणि वाचलेल्यांपैकी पुष्कळांना जन्माचे अपंगत्व येते. ह्याचा अर्थ असा, की रुग्णालयात पहिले बालक दाखल होते तेव्हा विषाणू त्या परिसरात कितीतरी आधी येऊन पसरलेला असतो. रुग्ण मोजून साथ ओळखणे म्हणजे धूर दिसल्यावर नव्हे, छप्पर कोसळल्यावर आग ओळखणे होय. म्हणूनच शास्त्रज्ञांची नजर माणसावरून पाखरांकडे वळली.

ती वळावयास बराच काळ लागला. १९२४ साली जपानात मेंदूज्वराची भयंकर साथ आली आणि हजारो लोक तिच्या तडाख्यात सापडले. १९३५ साली टोकियो येथे एका मृत रुग्णाच्या मेंदूतून तिचा विषाणू हाती आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १९३७ मध्ये, आफ्रिकेतील युगांडा देशात पिवळ्या तापाचा शोध घेणाऱ्या मंडळींना वेस्ट नाईल नावाच्या जिल्ह्यातील एका तापकरी स्त्रीच्या रक्तात एक नवा विषाणू सापडला. त्या जिल्ह्याचेच नाव त्याला पडले. पण हे विषाणू साथ नसताना राहतात कोठे, हा प्रश्न तसाच होता. त्याचे उत्तर १९५० नंतरच्या दशकात दोन ठिकाणी मिळाले. ईजिप्तमध्ये नाईल नदीच्या त्रिभुज प्रदेशातील खेड्यांत टेलर, वर्क आणि हर्लबट ह्या संशोधकांनी कावळे, चिमण्या, पारवे आणि जनावरे ह्यांचे रक्त तपासले, आणि कावळ्यांच्या व चिमण्यांच्या रक्तात वेस्ट नाईल विषाणू भरपूर वाढतो असे दाखविले. त्याच सुमारास जपानात बुशर आणि शेरर ह्यांनी टोकियोच्या आसपास बगळे व रातढोकरी ह्यांच्या वसाहतींवर पाळत ठेवली, आणि माणसांत मेंदूज्वर दिसण्यापूर्वी तो पाखरांत व डुकरांत कसा फिरतो ह्याचा माग काढला.

आता आपल्या घरच्या हकिकतीकडे येऊ. हिंदुस्थानात पिवळा ताप का नाही, हे कोडे त्या काळच्या वैद्यकशास्त्राला फार छळीत होते. त्या तापाचा डास आपल्या शहरांत विपुल, त्यास बळी पडू शकतील अशी माकडे आपल्या रानांत विपुल, आणि तरीही रोगाचा मागमूस नाही. ह्या व इतर विषाणूंचा अभ्यास करण्यासाठी १९५२ साली पुणे येथे विषाणू संशोधन केंद्र स्थापन झाले. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान ह्यांचा तो संयुक्त उपक्रम होता. परिषदेची धुरा त्या वेळी डॉ. चिं. गो. पंडित ह्यांच्याकडे होती. हेच केंद्र १९७८ पासून राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ह्या नावाने ओळखले जाते.

केंद्राने पहिले काम केले ते रक्त तपासण्याचे. एखाद्या विषाणूची बाधा होऊन गेली म्हणजे शरीरात त्याच्या विरुद्ध प्रतिपिंडे तयार होतात आणि ती वर्षानुवर्षे राहतात. शत्रू येऊन गेला तरी त्याच्या घोड्यांच्या टापा मातीत उमटलेल्या दिसाव्यात, तसाच हा प्रकार. देशातील निरनिराळ्या भागांतील माणसांचे रक्तद्रव स्मिथबर्न, केर आणि गटणे ह्यांनी तपासले, आणि १९५४ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या विषाणूंचे नावही येथील डॉक्टरांना ठाऊक नव्हते, त्यांपैकी अनेकांच्या टापा आपल्या मातीत उमटलेल्या होत्या. वेस्ट नाईलच्या खुणा मुंबईच्या रहिवाशांत मिळाल्या, आणि जपानी मेंदूज्वराच्या खुणा नागपूर भागातील लोकांच्या रक्तात मिळाल्या. नागपूर म्हणजे आम्हां यवतमाळकरांचे शेजारघरच. रोग परदेशाचा, अशी जी समजूत होती ती तेव्हाच ढळली. पुढे १९५५ साली मद्रास राज्यातील वेल्लोर भागात जपानी मेंदूज्वराचे रुग्णही ओळखले गेले.

१९५४ साली पुण्याच्या केंद्राची सूत्रे डॉ. टेल्फर्ड वर्क ह्यांच्या हाती आली. ईजिप्तमध्ये कावळ्यांचे रक्त तपासणारे वर्क ते हेच. पाखरांच्या रक्तात रोगाचा माग काढण्याची विद्या अशी नाईलच्या काठाहून मुळा-मुठेच्या काठी आली. तिची कसोटी १९५७ साली लागली. म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलालगतच्या गावांत, लोक तापाने मरू लागले, आणि त्याच वेळी रानात माकडे मरून पडू लागली. माकडे मेली म्हटल्यावर पिवळा तापच आला की काय, अशी पहिली शंका आली. वर्क आणि त्यांचे सहकारी ट्रॅपिडो ह्यांनी मेलेली माकडे तपासली, तेव्हा नवाच विषाणू निघाला. तो डासाने नव्हे, गोचिडीने पसरतो असे ठरले. त्याचेच नाव क्यासनूर वनज्वर, म्हणजे आपल्या तळकोकणात व गोव्यात ज्याला आता माकडताप म्हणतात तो.

हा रोग डासाचा नसूनही आजच्या विषयात त्याला स्थान आहे, कारण रानातील प्राण्यांवर शास्त्रीय पाळत ठेवण्याची आपल्या देशातील चाल त्याने दृढ केली. ह्या विषाणूचे नाते रशियातील एका मेंदूज्वराच्या विषाणूशी जुळत होते. तेव्हा उत्तरेकडून दरवर्षी येणाऱ्या पाखरांनी अंगावरच्या गोचिडींबरोबर तो येथे आणला असावा काय, असा तर्क पुढे आला. तर्काची शहानिशा करावयाची तर पाखरे कोठून येतात आणि कोठे जातात हे आधी कळावयास हवे. ते सांगू शकेल अशी संस्था मुंबईत होती. ती बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी. पाखरांच्या पायात क्रमांकाचे कडे घालून त्यांना सोडून देण्याचा उपक्रम ह्या संस्थेने १९२६-२७ च्या सुमारासच सुरू केला होता, आणि त्याचा श्रीगणेशा धारच्या पवारांच्या संस्थानात बदकांवर झाला होता, ही गोष्ट मराठी श्रोत्यांना ऐकावयास आवडेल. आता डॉ. सलीम अली ह्यांच्या नेतृत्वाखाली आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने तेच काम मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आले. पहाटे जाळी लावावयाची, पाखरू हलक्या हाताने सोडवावयाचे, त्याचे वजन व माप घ्यावयाचे, अंगावरच्या गोचिडी वेचावयाच्या, रक्ताचा थेंब घ्यावयाचा, पायात कडे घालावयाचे, आणि ते आकाशात सोडून द्यावयाचे, असे हे काम. उत्तरेकडील पाखरांनीच हा रोग आणला हा तर्क सिद्ध झाला नाही. पण पाखरांच्या प्रवासाचे जे ज्ञान ह्या निमित्ताने जमले ते कायमचे ठरले. चुकीच्या तर्काचा पाठलाग करूनही खरी माहिती हाती येऊ शकते, ती अशी.

ह्यानंतरचा भाग कटू आहे, पण तो टाळून इतिहास सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. १९६३ ते १९७१ ह्या काळात पूर्व आशियात पाखरांना कडी घालण्याची एक प्रचंड योजना चालली. बँकॉकहून मॅक्ल्यूर नावाचे शास्त्रज्ञ ती चालवीत, आणि अकरा लाखांहून अधिक पाखरांच्या पायांत तिने कडी घातली. तिचा पैसा मात्र अमेरिकेच्या लष्कराकडून येत असे, आणि मुंबईच्या संस्थेचाही तिच्याशी सहकार्याचा संबंध आला होता. १९७४ साली वृत्तपत्रांत प्रश्न उठला: परक्या देशाच्या सैन्याला आपल्या पाखरांच्या वाटा आणि त्यांच्या अंगातील विषाणू कशासाठी हवेत? रोगजंतूंच्या युद्धाची ही तयारी तर नव्हे? दिल्लीत परदेशी पैशाने चाललेल्या डासांच्या आनुवंशिक नियंत्रणाच्या प्रयोगावरही असाच संशय आला. संसदेच्या लोकलेखा समितीने चौकशी केली, १९७५ साली तिचा अहवाल आला, आणि डासांचा तो प्रयोग त्याच वर्षी गुंडाळला गेला. सलीम अलींनी आपल्या संस्थेवरील आरोप साफ नाकारला.

अर्धशतक लोटल्यावर ह्या प्रकरणाकडे पाहता मला दोन्ही बाजूंना काही देणे उचित वाटते. बगळ्याच्या पायातील कडे हे काही तोफेचे गोळे नव्हेत, आणि आयुष्यभर पाखरांमागे हिंडलेल्या वृद्ध पंडिताला हेर ठरविणे हा अन्याय होता. पण ज्या देशाची पाखरे त्या देशाच्या प्रतिनिधींनी, हे ज्ञान कोणाच्या पैशाने जमते आणि कोणाच्या दप्तरी जाते असे विचारणे, हा अन्याय नव्हता. प्रश्न योग्य होता. त्याचे योग्य उत्तर मात्र 'पाखरांकडे पाहू नका' हे नसून 'आपण आपल्या डोळ्यांनी आणि आपल्या खर्चाने पाहा' हे होते.

सुदैवाने पुण्याच्या मंडळींनी हेच उत्तर कृतीने दिले. १९७० साली तेथील संशोधकांनी कर्नाटकातील फळे खाणाऱ्या वटवाघळात वेस्ट नाईल विषाणू सापडल्याचे नोंदविले. १९७७ साली सोमण, रॉड्रिग्ज आणि त्यांचे सहकारी ह्यांनी प्रयोगाने दाखविले, की आपल्या शेताबांधावरची ढोकरी आणि गायबगळा ह्यांच्या रक्तात जपानी मेंदूज्वराचा विषाणू वाढतो आणि त्यांना चावलेल्या डासांना तो लागू शकतो. १९८१ साली कृष्णा-गोदावरीच्या खोऱ्यातील रानपाखरांत दोन्ही विषाणूंची प्रतिपिंडे आढळल्याचे प्रसिद्ध झाले. वेस्ट नाईल हा केवळ सौम्य ताप आहे ही समजूतही ह्याच सुमारास मोडली. कोलार जिल्ह्यात मेंदूज्वराने दगावलेल्या मुलांच्या मेंदूतून तोच विषाणू निघाला. आणि आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही, की त्याच्या ताज्या संसर्गाच्या खुणा बुलढाणा जिल्ह्यातील व मराठवाड्यातील रुग्णांतही मिळाल्या. एका बाजूला बुलढाणा, दुसऱ्या बाजूला मराठवाडा, तिसऱ्या बाजूला नागपूर, आणि मध्ये यवतमाळ. पाखरांना आणि डासांना जिल्ह्याच्या सीमा दाखविणारे दगड वाचता येत नाहीत.

पाखरांच्या मृत्यूकडे दुर्लक्ष झाले म्हणजे काय होते, ह्याचा धडा जगातील अत्यंत संपन्न शहराला १९९९ साली मिळाला. त्या उन्हाळ्यात न्यूयॉर्क शहरात कावळे पटापट मरून पडू लागले. ऑगस्टमध्ये वृद्ध माणसांना मेंदूज्वर झाला. डॉक्टरांनी त्याला अमेरिकेतलाच एक जुना रोग, सेंट लुईचा मेंदूज्वर, असे नाव दिले. माणसांचे वैद्य माणसांची वही लिहीत होते, पशुवैद्य पाखरांची वही लिहीत होते, आणि दोन्ही वह्या कोणी शेजारी ठेवून वाचीत नव्हते. ब्राँक्स प्राणिसंग्रहालयातील पशुवैद्यक शास्त्रज्ञ ट्रेसी मॅक्नमारा ह्यांनी मात्र आग्रह धरला, की सेंट लुईच्या रोगाने पाखरे अशी मरत नाहीत. तेव्हा रोग निराळा असला पाहिजे. सप्टेंबरच्या अखेरीस तो वेस्ट नाईल ठरला. त्या साली तेथे ६२ माणसे त्याने आजारी पडली आणि ७ दगावली. पुढे काही वर्षांतच विषाणूने ते सारे खंड ओलांडले, आणि मेलेल्या कावळ्याची खबर देणे हे तेथील नागरिकांचे कर्तव्य होऊन बसले.

येथे कोणी म्हणेल, की मग आपणही मेलेले कावळे मोजावेत म्हणजे झाले. ते पुरेसे नाही. अमेरिकेतल्या कावळ्यांना हा विषाणू नवखा होता. आपल्याकडे तो दीर्घकाळ नांदत असूनही त्याने कावळ्यांचा तसा संहार झाल्याचे दिसलेले नाही. उलट २०२१ च्या जानेवारीत महाराष्ट्रात कावळे मेले तेव्हा कारण बर्ड फ्लू हे निघाले. त्याचा डासांशी संबंध नाही. म्हणून आपल्या देशात मेलेल्या पाखराची तपासणी तर हवीच, पण जिवंत पाखराच्या रक्ताची, डासांची आणि डुकरांच्या रक्ताची नियमित तपासणी अधिक हवी. हे काम चिकाटीचे आहे. जपानी मेंदूज्वर, वेस्ट नाईल आणि डेंग्यू हे विषाणू एकाच कुळातले असल्याने त्यांची प्रतिपिंडे एकमेकांसारखी दिसतात, आणि कोणत्याची खूण कोणती हे ठरविण्यास कसलेली प्रयोगशाळा लागते. शिवाय एकदाच घेतलेल्या नमुन्याला फारसा अर्थ नसतो. पर्जन्यमापकात एक दिवस पाणी मोजून जसा पावसाळा कळत नाही, तसेच हे आहे. वर्षामागून वर्षे त्याच तळ्यावर, त्याच ऋतूत, त्याच रीतीने नोंद झाली तरच यंदाचे वर्ष वेगळे आहे हे कळते.

अशा नोंदीचा उपयोग काय, असे विचाराल तर २००५ साल आठवा. त्या वर्षी उत्तर प्रदेशाच्या पूर्व भागात मेंदूज्वराने हजारांहून अधिक बळी घेतले, त्यांत बहुतेक मुले होती. त्यानंतर, २००६ पासून, देशात जपानी मेंदूज्वराची लस मोठ्या प्रमाणावर देण्यास प्रारंभ झाला. लस कोठे आधी न्यावयाची, डासांचा बंदोबस्त कोणत्या गावी आधी करावयाचा, हे ठरविण्यासाठी मेलेल्या मुलांची संख्या हे एकच साधन असावे काय? वेस्ट नाईलवर तर माणसासाठी लसच नाही. तेथे आगाऊ मिळालेली वार्ता हेच औषध.

जुन्या वऱ्हाडी गावगाड्यात जागल्या असे. रात्री गावाच्या शिवेवर काही विपरीत दिसले की तो पाटलाकडे वर्दी देई. वर्दी आणणाऱ्या जागल्यालाच कोणी दरोडेखोर समजत नसे. पाखरांच्या बाबतीत मात्र आपण ही चूक करतो. बगळ्यांत रोग असतो हे ऐकताच वस्तीतील चिंचेवरची त्यांची घरटी पाडावयास निघणारे लोक आहेत. त्याने विषाणू जात नाही, कारण डास तेथेच राहतात. जातो तो फक्त वर्दी देणारा. डास वाढतात ते आपण साचू दिलेल्या पाण्यात, आणि विषाणू बळावतो तो वस्तीलगत मोकाट सोडलेल्या डुकरांत. ही दोन्ही आपली करणी आहे, बगळ्यांची नव्हे.

वर्दी घेणारा पाटील जागा असला तर काय होते, ह्याचे उदाहरण दूर शोधावयास नको. सिंधुदुर्ग जिल्ह्यात, दोडामार्ग भागात, २०१६ साली माकडतापाने माणसे आजारी पडली. तेव्हापासून तेथील गावकऱ्यांना मेलेले माकड म्हणजे नुसती दुर्गंधी नव्हे, तर इशारा आहे हे कळले. माकड मेल्याची खबर वेळेवर पोहोचली तर त्या जागेभोवती औषध मारता येते आणि लोकांना रानात जाण्यापासून सावध करता येते. टिपेश्वरच्या रानातील वनरक्षक, पैनगंगेकाठचा गुराखी, तालुक्याचा पशुवैद्य आणि प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर ह्या चौघांच्या चार वह्या एका टेबलावर आल्या, तर आमच्या जिल्ह्याचेही असेच रक्षण होईल. त्यासाठी परदेशी द्रव्य लागत नाही. रोजची नोंद आणि ती वाचणारा मनुष्य, एवढेच लागते.

ह्या कथेत पुण्याचे संशोधक आहेत, मुंबईचे पक्षिपंडित आहेत, धारचे संस्थान आहे आणि नागपूरकरांचे रक्तही आहे. म्हणजे ही विद्या आपल्याकडे सत्तर वर्षांहून अधिक काळ आहे. ती कोणाकडून उसनी आणावयाची नाही. आपण सुशिक्षित नागरिकांनी इतकेच करावे, की गच्चीवर पाणी साचू देऊ नये, मेलेले पाखरू किंवा माकड दिसल्यास त्याला हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यास अथवा वन खात्यास कळवावे, आणि अशा नोंदींवर सरकार पैसा खर्च करील तेव्हा 'पाखरांसाठी पैसा कशाला?' असे विचारू नये. तो पैसा पाखरांसाठी नसतो. २५० मधल्या त्या एका लेकरासाठी असतो.